कॅमेरा घ्यायला जाताना सोबत फूटपट्टी ठेवा

पत्र: मी घरी मणी आणि तांब्याच्या तारेचे कानातले, पेंडंट, अंगठ्या करते आणि ऑनलाइन विकते. वस्तू हातात घेऊन पाहणाऱ्याला आवडते, पण फोटोत ती मार खाते. फोनने जवळून फोटो घेतला की मणी धूसर आणि मागचं कापड स्पष्ट. लांबून घेऊन क्रॉप केला की फोटो फुटतो. जांभळे मणी निळे दिसतात, त्यामुळे एक ऑर्डर परत आली. एक दुकानदार म्हणतो किमान २० मेगापिक्सेल घ्या, दुसरा म्हणतो डीएसएलआरशिवाय पर्याय नाही. एका साइटवर ४८ मेगापिक्सेलचा अगदी स्वस्त कॅमेरा दिसतोय. माझं बजेट साध्या फोनच्या किमतीपेक्षा जास्त नाही. काय घेऊ?

उत्तर:

ताई, तो ४८ मेगापिक्सेलचा स्वस्त कॅमेरा घेऊ नका. बाकी सगळं निवांत ठरवता येईल, पण तो आधी यादीतून काढा. असल्या अनेक कॅमेऱ्यांना ऑटोफोकसच नसतो. भिंग एका जागी पक्कं बसवलेलं असतं आणि साधारण एक मीटरच्या पुढचंच स्पष्ट दिसतं. आतला सेन्सर (चित्र टिपणारी चिप) कमी मेगापिक्सेलचा असतो आणि कॅमेरा ते चित्र ताणून ४८ चा आकडा गाठतो. ताणलेल्या चित्रात नवा तपशील येत नाही, फाइल तेवढी मोठी होते. वर्णनात 'ऑप्टिकल झूम' हा शब्द नसेल, फक्त 'डिजिटल झूम १६ पट' असं असेल आणि जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो हे कुठेच दिलेलं नसेल, तर ती वस्तू तुमच्या कामाची नाही.

मेगापिक्सेलचा हिशोबही एकदा करून टाकू, म्हणजे पुन्हा कुणी त्यावरून घाबरवणार नाही. विक्रीच्या पानावर फोटो मोठा करून पाहिला तरी लांब बाजू १५०० ते २००० पिक्सेल असली की पुरते. म्हणजे जेमतेम तीन मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तुमचं ४ सेंटिमीटर लांबीचं कानातलं त्या चौकटीत किती जागा व्यापतं यावर सगळं अवलंबून आहे. चौकटीत ६ सेंटिमीटर रुंदी मावत असेल, तर कानातल्याच्या वाट्याला २६०० हून जास्त पिक्सेल येतात, उरून पुरतील इतके. तेच ३० सेंटिमीटर रुंदी मावत असेल, तर जेमतेम ५३० येतात आणि क्रॉप केल्यावर फोटो फुटतो. तुमच्या फोनवर हेच होतंय.

म्हणून कॅमेऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हा: स्पष्ट फोकस ठेवून तुझ्या चौकटीत कमीत कमी किती मिलिमीटर रुंदी मावते? दुसरा प्रश्न: त्या वेळी भिंग वस्तूपासून किती लांब असतं? तुमच्या खरेदीच्या बहुतेक शंका या दोन आकड्यांनी मिटतील.

आधी फोनचं पाहू, कारण कदाचित अर्धं काम तिथेच होईल. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण ८ ते १२ सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही. तुम्ही त्याहून जवळ नेता, म्हणून मणी धूसर येतात आणि मागचं कापड त्याच्या टप्प्यात असल्यामुळे स्पष्ट येतं. १० सेंटिमीटरवर ठेवला तर चौकटीत साधारण १४ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे ४ सेंटिमीटरच्या कानातल्याला ११०० पिक्सेलच्या आसपास मिळतात. मोठ्या पेंडंटसाठी एवढं चालून जाईल. ८ मिलिमीटरच्या स्टडला मात्र सव्वादोनशेच मिळतात आणि ते कमी पडतात. फोनवर '२ मेगापिक्सेल मॅक्रो' असा जवळच्या फोटोंसाठीचा वेगळा कॅमेरा असेल तर त्याच्या नादी लागू नका. त्यातल्या बहुतेकांचा फोकस साधारण ४ सेंटिमीटरवर पक्का असतो, रंग फिके येतात आणि फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली वस्तूवर पडते. महागड्या काही फोनमध्ये वाइड कॅमेरा २-३ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. तो यापेक्षा बराच बरा, पण सावलीची अडचण त्यालाही आहे.

आता कॅमेरा. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना १५ सेंटिमीटरची फूटपट्टी, स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक कानातलं न्या. पट्टी टेबलावर सपाट ठेवा. फ्लॅश बंद करा, फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावा, फोटोचा आकार सगळ्यात मोठा ठेवा. झूम पूर्ण मागे घेऊन शक्य तितकं जवळ जा, बटण अर्धं दाबून फोकसची चौकट हिरवी होते का ते पाहा आणि फोटो घ्या. तेच मधल्या झूमवर आणि पूर्ण झूमवर करा. प्रत्येक वेळी भिंगाच्या पुढच्या काचेपासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मग फोटो मोठा करून पाहा: डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर आले, रेषा मधोमध आणि कोपऱ्यांतही सुट्या दिसतात का, आणि पट्टीची कड सरळ आहे की फुगलेली.

तीन फोटो घ्यायचं कारण असं. छोट्या कॅमेऱ्यांच्या खोक्यावर 'मॅक्रो १ सेंमी' असं ठळक छापलेलं असतं, आणि ते खरंही असतं, पण बहुतेकदा झूम पूर्ण मागे घेतल्यावरच. तिथे भिंग वस्तूला जवळजवळ टेकतं. प्रकाश आत शिरायला जागा राहत नाही. शिवाय इतक्या जवळून वाइड भिंगाने पाहिलं की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. अंगठीचा खडा अंगठीपेक्षा मोठा दिसतो, गोल बाळी अंड्यासारखी दिसते. उलट झूम पूर्ण पुढे नेला की तोच कॅमेरा ३०, ५०, कधी १०० सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. काही मॉडेलांत मधल्या झूमवर एक बरी जागा सापडते. निकॉन कूलपिक्स ४५०० हा २००२ चा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यासाठीच नावाजलेला होता. मधल्या झूमवर २ सेंटिमीटरपर्यंत फोकस, आणि झूम योग्य जागी आला की पडद्यावरचं फुलाचं चिन्ह रंग बदलून सांगायचं. म्हणून चाचणीत मधला झूम वगळू नका.

तुमच्या कामासाठी माझी अट अशी: चौकट साधारण ६० मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आणि भिंगापासून वस्तू किमान ८ ते १० सेंटिमीटर लांब. बारीक स्टडच जास्त करत असाल तर ४० मिलिमीटर.

ही अट तुमच्या बजेटच्या आसपास तीन रस्त्यांनी पुरी होते. तिन्ही सेकंड-हँड धरून सांगते, कारण तेवढ्या पैशांत नवा कॅमेरा यापेक्षा कमीच देईल.

पहिला रस्ता, आणि माझी पसंती यालाच: सुरुवातीच्या पातळीचा जुना डीएसएलआर (भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा), सोबत मिळणाऱ्या साध्या १८-५५ मिलिमीटर झूमच्या भिंगासकट. या भिंगाला लोक कमी लेखतात. जवळच्या फोटोत ते चकित करतं. कॅननचं १८-५५ एसटीएम भिंग सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर फोकस करतं आणि झूम ५५ वर नेला की चौकटीत साधारण ६२ मिलिमीटर रुंदी मावते. निकॉनचं नवं एएफ-पी १८-५५ जवळपास तेवढंच देतं, त्याचं जुनं 'व्हीआर' १८-५५ मात्र ७५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अटीला थोडं कमी पडतं. कानातली, पेंडंट, अंगठ्या यात आरामात बसतात. स्टडसाठी भिंग आणि कॅमेऱ्याच्या मध्ये १२ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की चौकट ४० मिलिमीटरच्या आत येते. ट्यूब म्हणजे आत काच नसलेलं पोकळ कडं, त्यामुळे स्वस्त असते. पण घेताना सोनेरी इलेक्ट्रिकल पिना असलेलीच घ्या. बिनपिनांची ट्यूब लावली की कॅमेरा आणि भिंग यांचं बोलणंच तुटतं. मग भिंगाचं छिद्र (अपर्चर) बदलता येत नाही आणि फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो ते, हाताबाहेर जाते.

मॉडेल निवडताना एकच गोष्ट नक्की बघा: लाइव्ह व्ह्यू हवा, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र पाहून फोटो घेता आला पाहिजे. त्या चित्राचा हवा तो भाग कितीतरी पट मोठा करून, भिंगाचं कडं हाताने फिरवून मण्याच्या कडेवर नेमका फोकस बसवता येतो. जवळच्या कामात यासारखी सोय नाही. कॅननच्या स्वस्त मालिकेत २००८ च्या ४५०डी आणि १०००डी पासून ती आहे, ४००डी मध्ये नाही. निकॉनच्या डी४०, डी६०, डी३००० मध्ये नाही, २०१० च्या डी३१०० मध्ये आहे. १० ते १४ मेगापिक्सेलचं शरीर तुम्हाला भरपूर झालं. वाचलेले पैसे ट्रायपॉडला लागतील.

दुसरा रस्ता ऑलिंपसच्या टफ टीजी मालिकेचा: टीजी-४, टीजी-५, टीजी-६. हा खिशात मावणारा कॅमेरा आहे, पण त्यातला मायक्रोस्कोप मोड झूमच्या कुठल्याही टप्प्यावर १ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो. इतर छोट्या कॅमेऱ्यांत ही सोय सहसा सापडत नाही. पूर्ण झूम करून १० सेंटिमीटर लांब राहिलात तरी चौकट साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे प्रकाशाला जागा राहते आणि आकारही बिघडत नाही. वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याची सोय, फोकस स्टॅकिंग, कॅमेऱ्यातच आहे. अडचण किमतीची. जुना झाला तरी हा कॅमेरा पडेल भावात मिळत नाही. पाण्याखाली चालतो म्हणून तो पाण्याखाली वापरलेलाही असतो, तेव्हा बॅटरीच्या झाकणाचं रबर आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज आहे का, ते पाहा.

तिसरा रस्ता कमी लोकांना माहीत आहे: मोठ्या झूमचा एका भिंगाचा कॅमेरा, ज्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात, आणि त्याच्या तोंडावर लावायचं क्लोजअप भिंग. पॅनासॉनिकचा एफझेड२०० (२०१२) हे सोयीचं उदाहरण, कारण त्याच्या भिंगाला ५२ मिलिमीटरचे आटे आहेत. रेनॉक्सची डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० ही भिंगं ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर चिमट्याने बसतात. १५० लावलं की वस्तू साधारण २० सेंटिमीटरवर ठेवायची, आणि तिथून कॅमेरा न हलवता फक्त झूम फिरवून चौकट ६ सेंटिमीटरपासून सव्वा सेंटिमीटरपर्यंत लहान करता येते. वीस सेंटिमीटर मोकळी जागा म्हणजे प्रकाश हवा तसा पाडता येतो. झूम मागे नेला तर कोपरे काळे होतात, त्याची काळजी नको. तुम्हाला झूम पुढेच लागणार आहे. +१, +२, +४, +१० असे एका डबीत मिळणारे स्वस्त क्लोजअप फिल्टरही असतात. +२ आणि +४ कामचलाऊ आहेत, +१० मध्ये कडांना जांभळी-हिरवी किनार येते. रेनॉक्सच्या भिंगांत एकापेक्षा जास्त काचा जोडून ती किनार कमी केलेली असते. दोन्हींच्या किमतीतला फरक तिथूनच येतो.

तिन्ही कॅमेरे शेजारी मांडले तर एक फरक दिसेल, तो कळला तर पुढे खूप वैताग वाचेल. जवळच्या फोटोत फोकसची खोली मिलिमीटरांत मोजावी लागते. (पुढे येणारा एफचा आकडा जितका मोठा, तितकं भिंगाचं छिद्र लहान.) साडेसहा सेंटिमीटर रुंद चौकटीत डीएसएलआरच्या मोठ्या सेन्सरवर एफ ५.६ ला पुढे-मागे मिळून जेमतेम ३ मिलिमीटर स्पष्ट दिसतं, एफ ११ ला पाच-साडेपाच. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ४ लाच तितकं मिळतं. म्हणून डीएसएलआर घेतलात तर ए किंवा एव्ही मोडवर (यात छिद्र आपण ठरवतो) एफ ११ ते १६ ठेवा, शटर हळू होईल ते होऊ द्या. छोट्या कॅमेऱ्यात मात्र एफ ८ कडे जाऊ नका. छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो मऊ होतो. एफ ४ ते ५.६ पुरे.

सेकंड-हँड घेताना काय पाहायचं? भिंग चार-पाचदा आतबाहेर करून बघा. घरघर आवाज आला किंवा पडद्यावर भिंगाची एरर आली तर सोडून द्या, दुरुस्ती परवडत नाही. पांढऱ्या कागदाचा एफ १६ ला (छोट्या कॅमेऱ्यात त्याच्या सगळ्यात लहान छिद्रावर) फोटो घेऊन मोठा करा. राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, जी डीएसएलआरमध्ये साफ होते. छोट्या कॅमेऱ्यात कॅमेरा उघडावा लागतो. भिंगात मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बॅटरी सपाट फरशीवर ठेवून फिरते का बघा, फिरली तर फुगलेली आहे. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेले छोटे कॅमेरे शक्यतो टाळा. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या मॉडेलांत सेन्सरच्या आतल्या बारीक जोडण्या सुटायच्या आणि चित्र जांभळट, रेघांचं किंवा पूर्ण काळं यायचं. २००५ मध्ये कंपन्यांनी तशा सूचना काढल्या होत्या. वर सांगितलेलं कूलपिक्स ४५०० ही त्याच काळातलं. ते मधल्या झूमचं उदाहरण म्हणून सांगितलं, विकत घ्या म्हणून नाही.

कार्डावरून फसगत होते ती वेगळीच. जुने ऑलिंपस आणि फुजी एक्सडी कार्ड घेतात, ती आता बनत नाहीत आणि २ जीबीच्या वर कधी आलीच नाहीत. एसडी कार्डाच्या खाचेतही गोम आहे: एसडीएचसी प्रकार २००६ मध्ये आला, त्याआधीचे कॅमेरे ४ जीबी किंवा मोठं कार्ड वाचत नाहीत, '२ जीबी एसडी'च लागतं. म्हणूनच स्वतःचं कार्ड सोबत न्यायला सांगितलं.

आता ट्रायपॉड आणि प्रकाश. कॅमेऱ्याच्या निवडीइतकाच वेळ याला द्या, कारण महागडा कॅमेराही वाईट प्रकाशात वाईटच फोटो देतो. ट्रायपॉड उंच नको, डुलणारा नको. टेबलावर ठेवायचा बुटका आणि जड असेल तो उत्तम. फोटो घेताना २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का निवतो. ट्रायपॉडवर असताना स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद ठेवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००. एवढं केलं की शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी फोटो हलत नाही.

फ्लॅश बंद. इतक्या जवळ कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाच्या नळकांड्याची सावली टाकतो आणि तारेवर पांढरा डाग पाडतो. त्याऐवजी अशी मांडणी करा. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशेजारी टेबल, खिडकी तुमच्या डाव्या हाताला. पांढरा मोठा कागद भिंतीवर चिकटवून टेबलावर घडी न पाडता वळवून सोडा, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. वस्तू वळणाच्या १५ सेंटिमीटर पुढे ठेवा. खिडकी आणि वस्तू यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर उभा धरला की सावल्या मऊ होतात. उजवीकडे, वस्तूपासून १०-१५ सेंटिमीटरवर पांढरा पुठ्ठा उभा करा. तो सावलीच्या बाजूला प्रकाश परतवतो.

आता तुमचं एक कानातलं घेऊ: तांब्याच्या तारेचं वेटोळं, मधे काचेचा जांभळा मणी. चकचकीत तांब्यात त्याच्या रंगासोबत भोवतालचं प्रतिबिंबही पडतं. तुम्ही लाल कपडे घातलेत तर तारेत लाल रेघ येईल. कॅमेऱ्याचा काळा आकारही त्यात दिसेल. म्हणून वस्तूच्या तिन्ही बाजूंनी आणि वरून पांढरा कागद, समोर भिंगापुरतं भोक. पण सगळीकडे पांढरंच केलं की तार सपाट, निर्जीव दिसू लागते. मग काळ्या कागदाची एक-दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि चौकटीच्या अगदी बाहेर, उजव्या बाजूला उभी धरा. तारेच्या कडेवर एक बारीक काळी रेघ उमटते आणि त्या क्षणी वेटोळ्याला गोलाई येते. पट्टी थोडी पुढे-मागे करून पाहा, पडद्यावर फरक लगेच दिसतो. काचेच्या मण्यासाठी उलटं: त्याला मागून प्रकाश लागतो. मण्यामागे, चौकटीत न येईल असा, नखाएवढा पांढरा कागद तिरका ठेवला की मणी आतून उजळतो.

अंगठी उभी राहत नसेल तर खाली मेणाचा तांदळाएवढा गोळा लावा. फोकस जवळच्या मण्याच्या पुढच्या कडेवर बसवा, मागच्या तारेवर नाही. ऑटोफोकस चकचकीत गोल पृष्ठभागावर गोंधळतो, कारण त्याला पकडायला गडद-उजळ अशी कड सापडत नाही. अशा वेळी मण्याच्या अंतरावरच छापील कागदाचा तुकडा धरा, बटण अर्धं दाबून फोकस बांधा, कागद काढा आणि फोटो घ्या. कानातलं शक्य तितकं भिंगाला समांतर ठेवलं तर त्या पाच मिलिमीटरांच्या खोलीत ते पूर्ण मावतं. टोचून ठेवायची तार मागे धूसर झाली तर चालेल, मणी आणि वेटोळं धूसर नको. आणि फोटोआधी फुंकणीने धूळ उडवा. डोळ्याला न दिसणारा कापसाचा तंतू या चौकटीत दोरखंडासारखा दिसतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो करडा येईल. कॅमेरा सगळं दृश्य मध्यम करड्याच्या आसपास आणू पाहतो, पांढरं जास्त असलं की तो अंधार करतो. एक्स्पोजर काँपेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +०.७ ते +१ करा. काळ्या कापडावर फोटो घेतलात तर उलट, -०.७.

राहिला रंग, ज्यासाठी ऑर्डर परत आली. खिडकीचा उजेड आणि खोलीतला दिवा एकत्र कधीच वापरू नका. एका बाजूने निळसर आणि दुसरीकडून पिवळट प्रकाश आला की कुठल्याही कॅमेऱ्याला तो सुधारता येत नाही. दिवा विझवा किंवा पडदा ओढून फक्त दिवे ठेवा, आणि एलईडी घेताना त्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं पाहा. मग ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सुधारणारी सोय) सोडून कस्टम किंवा प्रीसेट वापरा: वस्तूच्या जागी करडं कार्ड ठेवा, त्याने चौकट भरा, मोजणी करून घ्या, मग वस्तू ठेवा. छपाईचा पांढरा कागद अडीअडचणीला चालतो, पण त्यात चमक आणणारी रसायनं असतात. खिडकीच्या उजेडात तो किंचित निळा दिसतो आणि कॅमेरा तो निळेपणा काढायला जाऊन फोटो पिवळट करतो. जागा किंवा वेळ बदलली की ही मोजणी पुन्हा करायची. सकाळची संध्याकाळी चालत नाही.

इतकं करूनही काही जांभळे रंग निळ्याकडेच झुकतात. तुमची चूक नाही. काही जांभळ्या रंगद्रव्यांचा लाल अंश सेन्सरला आपल्या डोळ्यांइतका दिसत नाही. कॉम्प्युटरवर फक्त जांभळा पट्टा थोडा लालकडे सरकवा, फोटो आणि मणी पडद्याशेजारी धरून जुळवा, आणि वर्णनात 'प्रत्यक्षात किंचित लालसर जांभळा' असं स्पष्ट लिहा. परत येणाऱ्या ऑर्डरी त्या एका ओळीने कमी होतात.

फोटो ठाकठीक करायला गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्रम असा ठेवा: आधी क्रॉप, मग उजेड, मग लांब बाजू २००० पिक्सेल, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आकार लहान केल्यावर. आधी केलं तर तारेभोवती पांढरी कडा उमटते. जेपीईजीची गुणवत्ता ८५ आणि रंगाची पद्धत एसआरजीबी. दुसरी कुठली ठेवलीत तर गिऱ्हाइकाच्या फोनवर रंग मेलेले दिसू शकतात. प्रत्येक वस्तूचा एक फोटो फूटपट्टीशेजारीही घ्या, आकाराबद्दल विचारणारे निम्मे निरोप थांबतील.

खरेदीआधी एक काम आजच करा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर १० सेंटिमीटर उंचीवर आडवा ठेवा, भिंग कडेबाहेर खाली पाहणारं. वरच्या मांडणीसारखा खिडकी, ट्रेसिंग पेपर आणि पुठ्ठा लावा, टायमरवर तुमच्या सगळ्यात मोठ्या पेंडंटचा आणि सगळ्यात लहान स्टडचा फोटो घ्या. पेंडंट नीट आलं आणि स्टडच कमी पडला, तर तुम्हाला कॅमेरा फक्त स्टडपुरता हवा आहे. मग ४० मिलिमीटरची अट धरून दुकानात जा, आणि मोठ्या वस्तू फोनवरच काढत राहा.